अस्थानिक गर्भधारणा : अपुऱ्या साधनांत निदान व उपचार

फलित बीज गर्भाशयाच्या पोकळीत न रुजता अन्यत्र रुजल्यास त्यास अस्थानिक गर्भधारणा म्हणतात. शंभर गर्भधारणांमागे साधारण 1 ते 2 अशा असतात व त्यांतील 90 टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत आढळतात. वाढत्या गर्भामुळे नलिका फुटली की पोटात वेगाने रक्तस्राव होतो. नलिकेतील गर्भ वाचविता येत नाही. वेळीच निदान झाल्यास माता वाचते.

निदान

पाळी चुकणे, ओटीपोटात एका बाजूस दुखणे व थोडे रक्त जाणे ही लक्षणे बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्यात दिसतात. भोवळ, जलद नाडी व खांद्याच्या टोकाशी वेदना ही नलिका फुटल्याची चिन्हे होत. तांबी बसविलेल्या किंवा नसबंदी झालेल्या स्त्रीस गर्भ क्वचितच राहतो. पण राहिल्यास तो नलिकेत असण्याची शक्यता अधिक असते.

आशा सेविकेकडील ‘निश्चय’ संचाने लघवीची तपासणी गावातच होते. ती होकारार्थी असून पोटात दुखत असल्यास स्त्रीस तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे लागते. तेथे योनिमार्गे सोनोग्राफी व 48 तासांच्या अंतराने बीटा एचसीजीची रक्ततपासणी निर्णायक ठरते. सोनोग्राफी नसल्यास गर्भाशयामागील पोकळीतून सुईने रक्त काढतात. ते न गोठल्यास पोटात रक्तस्राव झाल्याचे समजते.

उपचार

नलिका फुटलेली नसून प्रकृती स्थिर असल्यास मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देता येते. चौथ्या व सातव्या दिवसांदरम्यान एचसीजी किमान 15 टक्क्यांनी घटणे अपेक्षित असते. या काळात फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद ठेवतात. गाव दूर असल्याने फेरतपासणी शक्य नसेल, तर शस्त्रक्रियाच अधिक सुरक्षित ठरते.

रक्तदाब खालावलेल्या रुग्णास सोनोग्राफीसाठी ताटकळत ठेवणे घातक असते. शिरेतून सलाइन सुरू करून, दुर्बिणीची सोय नसली तरी पोट उघडून फुटलेली नलिका काढतात. रक्तपेढी दूर असल्यास पोटात साचलेले ताजे रक्त गाळून, सायट्रेटयुक्त पिशवीत घेऊन त्याच रुग्णास देता येते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन देतात.

दुसरी नलिका निरोगी असल्यास पुढे नैसर्गिक गर्भधारणा शक्य असते. मात्र धोका पुन्हा संभवत असल्याने पाळी चुकताच सोनोग्राफी करून घेणे आवश्यक ठरते.