जालना : वस्ती बदलली, आकडे जुनेच

कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले जालना ही मराठवाड्यातील जुनी व्यापारी पेठ. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको'ची स्थापना केली. बियाणे उद्योगापाठोपाठ औद्योगिक वसाहतीत पोलाद कारखाने उभे राहिले आणि भट्ट्यांवरील कामासाठी बिहार, उत्तर प्रदेशातून कामगार आले. २००१ मध्ये सुमारे २.३५ लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये २.८५ लाखांवर गेली.

मात्र कोणत्या वस्तीत कोण आले आणि कोणाची मिळकत वाढली, याचे उत्तर जनगणनेत सापडत नाही. तीत कुटुंबाचे उत्पन्न विचारले जात नाही. नळ, शौचालय, दुचाकी यांच्या नोंदींवरून राहणीमानाचा केवळ अंदाज बांधता येतो. सर्व जातींचे आकडेही १९३१ नंतर जनगणनेतून प्रसिद्ध झालेले नाहीत. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली; २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला.

जालन्यात २०२३ मध्ये महापालिका स्थापन झाली. नवे आकडे हाती येईपर्यंत मात्र पाणी आणि घरकुलांच्या नियोजनाला जनगणनेचा आधार २०११ चाच आहे. त्यानंतर आलेली कुटुंबे त्या हिशेबात नाहीत.