सानुरची पुळण, उबुदचा वाडा

आमच्या बालीच्या सहलीचा छापील कार्यक्रम असा होता : पहिले दोन दिवस 'समुद्रकिनारा – सानुर', पुढचे दोन दिवस 'संस्कृती – उबुद'. मधल्या पंचवीसेक किलोमीटरच्या रकान्यात नुसते 'प्रवास' एवढेच. किनाऱ्याने पोहण्यापुरते उरावे आणि संस्कृती तेवढी डोंगराकडच्या गावाच्या वाट्याला जावी, ही वाटणी कोणी केली? या एका प्रश्नापायी मी परतल्यावर बरेच वाचन केले. मी पेशाने इतिहासकार नव्हे. पण त्या कोऱ्या रकान्यात काय दडले आहे, हे तरी आता सांगू शकतो.

सानुरच्या किनाऱ्याला इतिहास नाही असे म्हणणेच मुळात चूक आहे. हॉटेलांच्या रांगेमागे ब्लांजोंग नावाचे छोटे देवालय आहे. तिथे पावणेदोन मीटर उंचीचा एक शिलास्तंभ उभा आहे. त्यावर संस्कृत आणि जुनी बाली अशा दोन भाषा, आणि नागरी व प्राचीन बाली अशा दोन लिप्या आहेत. श्रीकेसरी वर्मदेव नावाच्या राजाने शत्रूंवर मिळवलेल्या विजयाचा हा लेख शके ८३५ च्या फाल्गुनातला, म्हणजे इ. स. ९१४ चा. शके म्हणजे आपलेच शालिवाहन शके. बालीत ते अजून चालू आहे. २०२३ मध्ये आपला पाडवा आणि त्यांचा वर्षारंभ, 'न्येपी', एकाच दिवशी, २२ मार्चला आले. आपण गुढ्या उभारल्या. त्यांनी दिवे, रहदारी, एवढेच काय विमानतळही बंद ठेवून मौन पाळले.

याच किनाऱ्याजवळ मे १९०४ मध्ये 'श्री कुमाला' नावाचे गलबत खडकावर आपटून फुटले. मालक चिनी व्यापारी, निशाण डच. गावकऱ्यांनी माल लुटला, अशी मालकाची तक्रार. डच सरकारने बाडुंगच्या राजाकडे भरपाई मागितली. त्याने ती साफ नाकारली. फुटून किनाऱ्याला लागलेल्या गलबतावर किनाऱ्याच्या धन्याचा हक्क, ही बालीची जुनी वहिवाट होती आणि ती मोडून काढण्याचा डचांचा प्रयत्न कित्येक दशके चालला होता. मराठी वाचकाला हे प्रकरण अनोळखी वाटू नये. १६७४ मध्ये इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची बोलणी करायला आला, तेव्हा फुटलेल्या जहाजांचा माल परत करण्याच्या कलमाला शिवाजी महाराजांनी हरकत घेतली होती, ती कोकणच्या रिवाजाचा आधार देऊनच. फरक एवढाच की १६७४ च्या इंग्रजांना तहाची गरज होती. १९०४ च्या डचांना निमित्ताची होती.

सप्टेंबर १९०६ मध्ये डच फौज सानुरच्या पुळणीवर उतरली. २० तारखेला ती डेनपसारला पोचली, तेव्हा वाड्यातून एक मिरवणूक बाहेर पडली. पालखीत राजा इ गुस्ती न्गुराह माडे आगुंग, त्याच्यामागे राण्या, मुले, पुरोहित, सेवक. बहुतेकांच्या अंगावर पांढरी वस्त्रे, हातात क्रिस हे नागमोडी खंजीर. बंदुकांपुढे कोणी थांबले नाही. स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून सैनिकांकडे भिरकावले, असे सांगतात. जे गोळ्यांनी पडले नाहीत त्यांनी एकमेकांना वा स्वतःला संपवले. मृतांचे आकडे शेकड्यांपासून हजारापर्यंत सांगितले जातात. यालाच 'पुपुतान' म्हणतात : शेवटापर्यंत जाणे. आपल्याला जोहार आठवेल, पण जोहार गडाच्या आत होत असे; हे भर रस्त्यात, शत्रूच्या डोळ्यांदेखत झाले. हा राजा कवी होता, हे मला फार उशिरा कळले. १९०८ मध्ये क्लुंगकुंगलाही तेच घडले आणि सारे बेट डचांच्या ताब्यात गेले.

आता उबुद. उबुद ग्यान्यार राज्यातले. त्या राज्याने १९०० मध्येच डचांचे संरक्षण पत्करले होते. म्हणून तिथली 'पुरी', म्हणजे राजवाडा, टिकली. वाद्यवृंद टिकले, नर्तक टिकले, कारागिरांना पोसणारा धनी टिकला. आज संध्याकाळी उबुदच्या वाड्याच्या अंगणात तिकीट काढून आपण जे नृत्य पाहतो, त्याच्यामागे ही तडजोड आहे. तिला भेकडपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडच्या किती संस्थानांनी तैनाती फौज घेतली आणि मग गायक, मल्ल, चित्रकार सांभाळले, ते आठवावे.

पुढची गंमत अशी की, ज्या राजवटीने बाडुंगचा वाडा उद्ध्वस्त केला, तिनेच वीस वर्षांत बालीला 'जपून ठेवायचे' धोरण आखले. डच जहाज कंपनीने १९२८ मध्ये डेनपसारला बाली हॉटेल उघडले, पुपुतानच्या जागेपासून जवळच. त्याच सुमारास वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार उबुदला येऊन राहिला. शेकडो पुरुष 'चक चक' म्हणत बसतात ते केचक नृत्य प्राचीन म्हणून दाखवले जाते. त्याचे आजचे रूप १९३० च्या दशकात, संघ्यांग या अंगात येण्याच्या विधीतला घोष घेऊन, श्पीस आणि वायान लिंबाक यांसारख्या बाली नर्तकांनी मिळून घडवले. म्हणून ते खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. बालीच्या कलावंतांनी पाहुण्याची हौस ओळखली आणि तिचा उपयोग करून घेतला. १९३६ मध्ये उबुदला स्थापन झालेल्या 'पिता महा' या चित्रकारसंघात श्पीस आणि बोनेट यांच्याबरोबरीने राजघराण्यातले चोकोर्डा गडे आगुंग सुकावती होते, लेम्पाडसारखा थोर कलावंतही होता. खोटे असलेच तर ते जाहिरातीतले 'कालातीत' हे विशेषण आहे.

परतीच्या दिवशी मी चालकाला डेनपसारच्या पुपुतान मैदानावर थांबायला सांगितले. 'तिथे पाहण्यासारखे काही नाही,' तो म्हणाला, पण थांबला. मैदानावर काळपट धातूचे एक शिल्प आहे : पुरुष, स्त्री आणि दोन मुले, शस्त्रे घेऊन पुढे निघालेली. स्त्रीच्या एका हातात दागिने आहेत. खाली गवतावर पोरे चेंडू खेळत होती आणि चालक गाडीला टेकून आमची वाट पाहत होता.