देवळालीचा ताप

परवा नाहूरला आम्ही काही मराठीचे प्राध्यापक ताज्या, तिथेच बनवलेल्या बीअरच्या निमित्ताने जेवायला जमलो होतो. बोलता बोलता विषय ‘डूलाली’ या नावावर आला. २००९ साली पुण्यात सुरू झालेली ही मायक्रोब्रुअरी देशातील पहिल्या काहींपैकी एक. नाव मात्र नाशिकजवळच्या देवळालीचे आहे.

१८६१ साली इंग्रजांनी देवळालीस छावणी वसवली. सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे महिनोन् महिने पडून राहत. ही जहाजे हिवाळ्यातच सुटत. रिकामपण, ऊन आणि हिवताप यांनी कित्येकांची मने बिघडली. शिपायांच्या बोलीत या अवस्थेला ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. बीअरच्या नळाशी या ‘टॅप’चा संबंध नाही, तो आपला ‘ताप’च आहे. पुढे ‘ताप’ गळून गेला आणि ‘डूलाली’ म्हणजे वेडसर, एवढेच इंग्रजीत उरले.

वर्गात आम्ही अर्थविस्तार आणि अर्थसंकोच शिकवतो. अर्थ हलका होत जाताना कोणाचे दुःख त्यातून निघून जाते, हे सांगायचे बहुधा राहून जाते. पुढच्या तासाला देवळालीचेच उदाहरण घ्यावे, असे आम्ही त्या संध्याकाळी ठरवले.