लोकसहभाग, नागरी (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

ठाणे (स्थापना 1982) व कल्याण-डोंबिवली (1983) या महानगरपालिकांच्या कारभारात रहिवाशांना, विशेषतः गरीब वस्त्यांना, असलेला वाव. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या अनुक्रमे सुमारे 18.4 लाख व 12.5 लाख.

कायदा : 74 व्या घटनादुरुस्तीने (अंमल 1 जून 1993) झोपडपट्टी सुधारणा व नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय बाराव्या अनुसूचीत आले आणि तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक झाल्या. महाराष्ट्रात एका समितीत अनेक प्रभागांचे नगरसेवक असतात. जोडीला स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य. सामान्य मतदाराला थेट बोलता यावे म्हणून 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. ती बहुतांशी कागदावरच राहिली. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 मध्ये व ठाण्यात मार्च 2022 मध्ये प्रशासक आले. नगरसेवक गेले, तरी कार्यालयांवरच्या ‘प्रभाग समिती’ या पाट्या तशाच राहिल्या.

सुविधा केंद्र : संगणकीकृत कारभारात कल्याण-डोंबिवली राज्यात अग्रेसर, तिची प्रणाली पुढे शासनाने इतर पालिकांसाठी स्वीकारली. जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कर, नळजोडणी ही कामे एकाच छताखाली आली. अर्जाला क्रमांक व पोच मिळू लागल्याने ‘साहेब जागेवर नाहीत’ या उत्तराची सद्दी काहीशी संपली. याला सहभाग म्हणावे की नुसती सोय, याबद्दल मतभेद आहेत.

गरीब वस्त्या : 1 डिसेंबर 1997 रोजी सुरू झालेल्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेने वस्तीतील महिलांचे शेजारगट व बचतगट उभे केले. प्रभाग समितीपेक्षा गरिबांचा पालिकेशी खरा संबंध येथेच आला, असे दिसते. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातील घरकुलांसाठी लाभार्थी हिस्सा सर्वसाधारणपणे 12 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 10 टक्के होता. झोपडीधारकाचे घर मात्र जुनी मतदार यादी, वीजबिल आणि घरपट्टीची पावती यांवर ठरते. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द वस्तीत सर्वांना पाठ असतात. कल्याण-डोंबिवलीत बांधून झालेली कित्येक घरे लाभार्थी निश्चितीअभावी दीर्घकाळ रिकामी राहिली.

फेरीवाले : 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना बंदी. डोंबिवली पूर्वेला यावरून वाद कायम.

सत्तावीस गावे : 1983 मध्ये कल्याण-डोंबिवलीत समाविष्ट, 2002 मध्ये वगळली, 2015 मध्ये पुन्हा समाविष्ट, 2020 मध्ये त्यांतील 18 वेगळी काढण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला.