धामारीचा दरोडा

दस्तक न घेता जाणारे गलबत कान्होजी आंग्र्यांनी धरले, की इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. आपण त्याला समुद्रावरचा अंमल म्हणतो. पण 1756 मध्ये पेशव्यांनीच घरच्या भांडणात इंग्रजांचा हात धरला आणि विजयदुर्गाला तुळाजींचे आरमार जळाले. चाचा कोण, हे सोयीने ठरते. घाटावर हाच पेच आमच्या शिरूर तालुक्यातल्या धामारीत पडतो.

23 फेब्रुवारी 1879 रोजी वासुदेव बळवंत फडक्यांनी या गावावर दरोडा घातला. दरोडा हा शब्द मी मुद्दामच वापरतो. बंडाला पैसा हवा होता, धनिकांनी तो दिला नाही, म्हणून सावकाराचे घर फोडले. हेतू मोठा होता. पण ज्याचे घर फुटले त्याला त्या रात्री हेतू कसा दिसणार?

त्याआधी चारच वर्षांपूर्वी, 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले होते. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचे दौंडही त्यातच. रोख होता खतांवर. खते हाती आली तिथे जाळली. माणसांना सहसा हात लावला नाही. हे लोण शिरूरकडेही आले. मग 1876-77 चा दुष्काळ पडला. कागद जाळून पोट भरत नाही, हे त्या दोन वर्षांनी शिकवले.

फडक्यांना साथ दिली ती मुख्यतः रामोशांनी. हे मूळचे गावाचे राखणदार. इंग्रजी अमलात त्यांचे जुने हक्क गेले, आणि राखणारा हात लुटीकडे वळला. उमाजी नाइकांच्या वेळेपासून हेच चालले होते. सोबत्यांना लुटीतला वाटा हवा, फडक्यांना फौज उभी करायची. हा वैताग त्यांच्या आत्मचरित्रात उघड दिसतो. मला ते लिखाण म्हणूनच खरे वाटते. मे महिन्यात दौलतराव नाइकांनी कोकणात पळस्पे, चिरनेर लुटले. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठून ठार केले, आणि बंडाचा कणाच मोडला.

20 जुलैला फडके देवर नावडगीला पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. एरवी त्यांना दरोडेखोर म्हणणाऱ्या सरकारने आरोप मात्र ठेवला तो राणीविरुद्ध युद्धाचा. जन्मठेपेवर त्यांना एडनला नेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी ते तिथेच वारले. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठीचा दख्खनचा कायदाही 1879 चाच.