देह कोणाचा, निर्णय कोणाचा?

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेत टस्कीगीचे प्रकरण उघडकीस आले. अलाबामातल्या उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना सरकारी आरोग्य खात्याने, रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी, चाळीस वर्षे उपचाराविना ठेवले होते. पेनिसिलिन आल्यावरही ते दिले नाही. आपल्याकडे या प्रकरणाचा उल्लेख होतो तो निषेधापुरता. मला वाटते, त्याच्या शेजारी हेन्रिएटा लॅक्सची कहाणी ठेवली तरच मूळ प्रश्न कळतो.

हेन्रिएटा व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात वाढलेली, पाच मुलांची आई. १९५१ च्या आरंभी ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. ज्याच्या पैशातून ते उभे राहिले त्या हॉपकिन्सने १८७३ मध्येच लिहून ठेवले होते की, गरीब रुग्णांवर वर्ण न पाहता उपचार व्हावेत. उपचार होत होते. पण काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते. तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढला आणि त्याच वैद्यकीय विद्यालयातल्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या पेशी सुमारे चोवीस तासांत दुप्पट होत, मरत नव्हत्या. हेन्रिएटा मात्र ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१० साल उजाडावे लागले.

बाई वेगळ्या वॉर्डात, पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत! माणसाचा विटाळ, पण त्याने पिकवलेले धान्य चालते, ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१९५३ पासून पोलिओ लसीच्या कामासाठी या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवल्या गेल्या त्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्येच, काळ्या शास्त्रज्ञांच्या हातांनी. याच संस्थेने उपदंशाच्या त्या प्रयोगाला आपले रुग्णालय वापरू दिले होते. म्हणजे आपली माणसे आत असणे पुरेसे नाही. त्यांना नकाराचा अधिकार आहे का, हे पाहावे लागते.

हेही मान्य केले पाहिजे की, त्या काळी रुग्णाला विचारण्याचे कायदेशीर बंधन नव्हते आणि गे यांनी पेशी फुकट वाटल्या. नफा पुढे कंपन्यांनी कमावला. पण १९७३ नंतर शास्त्रज्ञांनी तिच्या मुलांचे रक्त नेले तेव्हाही ते कशासाठी, हे नीट सांगितले नाही. आपली कर्करोगाची तपासणी चालली आहे, असे त्या घराला वाटत राहिले.

१९८४ च्या सुमारास हेराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला या पेशींत पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. अशा ज्ञानातून लस निघाली. लस मोलाची आहे. परंतु २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात प्रकल्प म्हणून ती आदिवासी मुलींना टोचली, तेव्हा कित्येक संमतिपत्रांवर सही होती वसतिगृहाच्या वॉर्डनची. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

त्याच २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने लॅक्स घराण्याशी करार केला. हेन्रिएटाच्या पेशींची जनुकीय माहिती कोणाला द्यावी, हे ठरवणाऱ्या गटात त्या घरातली दोन माणसे बसली. २०२३ मध्ये एका कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली. मला पैशापेक्षा त्या दोन जागा मोठ्या वाटतात. हॉपकिन्सने दिले ते दान होते. हा हक्क आहे. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मागितली ती दया नव्हे, प्रतिनिधित्व.

आपल्याकडे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत सामान्य नागरिकासाठी जागा नियमानेच असते. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढेच विचारावे : त्या जागेवर कोण बसले आहे, आणि ज्यांच्या शरीरावर प्रयोग व्हायचा त्या वस्तीला ते ठाऊक आहे काय?