कामरूपी राक्षसाचे चित्र

रामायणातील राक्षस कामरूपी, म्हणजे इच्छेनुसार रूप पालटणारा. भिक्षुवेषातला रावण ओळखू न येणे, हेच सीतेचे संकट. चित्राला मात्र एकच रूप निवडावे लागते. ज्यांचा छापखाना १८९४ साली देवनारनजीकच्या घाटकोपरात सुरू झाला, त्या राजा रविवर्मांनी 'जटायुवधा'त वेष गळून पडल्यानंतरचा रावण रंगविला. तो मानवमुखी, मुकुटधारी आहे. भय त्याच्या कृतीत आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळाच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये (१९७७) डेव्हिड ट्रॅम्पियरने राक्षसाला वाघाचे शिर दिले. तो ग्रंथ म्हणजे प्राण्यांची सूची. तेथे जात ओळखविणारे मुख आवश्यकच. परंतु अंगातला झगा, हातातला पाइप आणि निवांत बैठक यांत भिक्षुवेषाचे कपट शिल्लक राहते. या चित्राचे सामर्थ्य वाघात नसून त्या सभ्यतेत आहे.